कार्बनचे रिंगण आणि एक गृहिणी

आपल्या मंडळाच्या हीरक महोत्सवाची स्मरणिका काढण्याचे ठरले, तेव्हा संपादक समितीने मजकडेही एका लेखाची मागणी केली. मी लेखिका नव्हे. मंडळाच्या जमाखर्चाच्या वहीत गेली ३२ वर्षे आकडे मांडले, एवढाच काय तो माझा लेखनाचा अनुभव! परंतु, "पाककृती, प्रवासवर्णने आणि कविता भरपूर आल्या आहेत, तुम्ही इतिहासातले काहीतरी द्या," असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, आणि तो मोडवला नाही.

इतिहास म्हटला की जिजाऊ, अहिल्याबाई आणि झाशीची राणी आपल्यापुढे उभ्या राहतात, आणि ते योग्यच आहे. मी मात्र आज ज्या विजयाची हकिकत सांगणार आहे तो रणांगणावरचा नव्हे. तो आहे एका पांढऱ्या, सुगंधी, नखाएवढ्याही नसलेल्या स्फटिकाचा. वाचक भगिनींनी दचकू नये. स्वयंपाकघरात जिने आयुष्य काढले तिला न समजेल असे ह्यात काहीही नाही.

प्रथम हा विषय माझ्या डोक्यात कसा शिरला ते सांगते. आमची सूनबाई रसायनशास्त्रात पीएच. डी.चा अभ्यास करते. किंबहुना गेल्या पावसाळ्यापर्यंत करीत होती असे म्हणावे लागेल. बाळ सात महिन्यांचे झाले तेव्हा एका दुपारी ती आपल्या वह्या आणि टिपणे एका जुन्या ट्रंकेत भरताना मला दिसली. ट्रंक माळ्यावर जायची होती. कसर लागू नये म्हणून मी आपली डांबराच्या गोळ्यांची पुडी घेऊन गेले.

"आई, आता हे काही व्हायचं नाही," ती म्हणाली. "बाळाचं बघू की हे बघू?"

सर्वांत वरच्या टिपणावर एक षट्कोन काढलेला होता. त्या आकृतीची आणि माझी गाठ ५४ वर्षांनी पडत होती. मी तिला विचारले, "हे बेंझीन ना गं?" ती हसली आणि म्हणाली, "हो, आणि तुमच्या हातातल्या गोळीत असे दोन षट्कोन आहेत. हे चपटं आहे हे कुणी सिद्ध केलं माहीत आहे? एका बाईनं. पोटात पहिलं मूल होतं तिच्या."

ती एवढेच बोलली आणि बाळ रडले म्हणून उठून गेली. मी मात्र त्या बाईचा शोध घेत बसले. वाचनालयातून पुस्तके आणली, नातवाला मांडीवर घेऊन वाचली. त्यातून जे हाती लागले ते येथे देत आहे.

कथेचा आरंभ १८२५ साली लंडनला होतो. त्या काळी तेलापासून काढलेला वायू दाबून भांड्यांत भरीत व तो दिव्यांसाठी वापरीत. भांड्यांच्या तळाशी जो पातळ गाळ साचे तो मायकेल फॅरडे ह्यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत तपासला आणि त्यातून एक नवा द्रव वेगळा केला. तोच बेंझीन. पुढे दगडी कोळशाच्या डांबरातही तो विपुल सापडला. त्याच्या कुळातले पुष्कळ पदार्थ वासाचे निघाले, म्हणून त्या साऱ्या कुळाला सुगंधी संयुगे असे नाव पडले. हे कूळ आपल्या घरातही नांदते आहे. ओव्यातील थायमॉल, लवंगेतील युजेनॉल, दालचिनीचा वास, हळदीचा पिवळा रंग, डोके दुखल्यावर घ्यावयाची ॲस्पिरिनची गोळी, ह्या सर्वांच्या पोटात बेंझीनचे कडे आहे.

बेंझीनच्या एका रेणूत कार्बनचे सहा व हायड्रोजनचे सहा अणू असतात हे लवकरच कळले. परंतु ते एकमेकांशी जोडलेले कसे, हे कोडे काही सुटेना. कार्बनला चार हात असतात असे समजावे, आणि हायड्रोजनला एक. सहा कार्बन ओळीत उभे केले तर पुष्कळ हात रिकामे राहतात. १८६५ साली केकुले ह्या जर्मन शास्त्रज्ञाने सुचवले की हे सहा कार्बन ओळीत नसून रिंगण धरून उभे आहेत. मंगळागौरीला मुली फेर धरतात तसे. फक्त एका बाजूच्या गडणीला एक हात आणि दुसऱ्या बाजूच्या गडणीला दोन हात, असे आळीपाळीने. उरलेला चौथा हात बाहेर हायड्रोजनला दिलेला. आपले शेपूट तोंडात धरलेला साप आपण डुलकीत पाहिला व त्यावरून ही कल्पना सुचली, असे पुढे १८९० साली झालेल्या सत्कारसमारंभात केकुले ह्यांनी सांगितले.

कल्पना फलद्रूप झाली. तिच्यावर रंगांचे आणि औषधांचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. परंतु ते रिंगण कोणी पाहिले होते? कोणीच नाही. रसायनशास्त्रज्ञ कागदावर षट्कोन काढीत आणि काम चालवीत. तो खरोखरच आहे का, असला तर ताटासारखा चपटा आहे की चुरगळलेल्या पापडासारखा वरखाली, सहाही बाजू सारख्या की एक लांब एक आखूड, ह्यांची उत्तरे साठ वर्षे अनुमानावरच होती.

ती मिळण्याची वाट १९१२ साली निघाली. क्ष-किरणांचा शोध राँटगेन ह्यांनी १८९५ सालीच लावला होता. जर्मनीत माक्स फॉन लौए ह्यांच्या सूचनेवरून ते किरण स्फटिकातून सोडण्यात आले, तेव्हा मागच्या काचेवर ठिपक्यांची रचना उमटली. पावसाळ्यात छत्रीच्या कापडातून रस्त्यावरचा दिवा पाहिला असता दिव्याभोवती ठिपक्यांची फुली दिसते, ते आपल्यापैकी पुष्कळींनी पाहिले असेल. कापडाचे ताणेबाणे समान अंतरावर असतात म्हणून तसे होते. स्फटिकातही अणू समान अंतरावर, लुगड्याच्या काठावरील नक्षीप्रमाणे, एकच बुट्टी पुन्हा पुन्हा काढल्यासारखे बसलेले असतात. साऱ्या लुगड्याचे माप घेण्याचे कारण नाही. एक बुट्टी समजली की काठ समजला. उमटलेल्या ठिपक्यांच्या जागा आणि त्यांचा कमीअधिक जोर मोजून त्या एका बुट्टीतील अणू कोठे आहेत हे मागे मागे हिशेब करीत शोधून काढावयाचे, ही विद्या इंग्लंडात विल्यम ब्रॅग व त्यांचे चिरंजीव लॉरेन्स ब्रॅग ह्यांनी उभी केली. त्याबद्दल १९१५ साली ह्या पितापुत्रांना नोबेल पारितोषिक मिळाले. चिरंजीवांचे वय तेव्हा अवघे २५ होते.

मीठ आणि हिरा ह्यांची रचना ह्या रीतीने उलगडली. सेंद्रिय पदार्थांचे मात्र जमेना, कारण त्यांच्या रेणूंत अणू पुष्कळ आणि हिशेब अवाढव्य. वडील ब्रॅग ह्यांनी १९२१ च्या सुमारास नॅप्थलीनचे, म्हणजे आपल्या डांबराच्या गोळीचे स्फटिक तपासले. हिऱ्यात कार्बनची कडी चुरगळलेली असतात, तेव्हा बेंझीनचे कडेही तसेच असावे असे त्यांना वाटे. उलट त्यांच्याच प्रयोगशाळेतील बर्नाल ह्यांनी १९२४ साली ग्राफाइटमधील, म्हणजे शिसपेन्सिलीतील कार्बनची कडी सपाट असतात असे दाखवले. मग बेंझीन कोणाच्या घरचे, हिऱ्याच्या की पेन्सिलीच्या? हा वाद जिने मिटवला तिच्याकडे आता वळू.

कॅथलीन यार्डली हिचा जन्म २८ जानेवारी १९०३ रोजी आयर्लंडमधील न्यूब्रिज ह्या लहानशा गावी झाला. दहा भावंडांतील ती शेंडेफळ. वडील पोस्टमास्तर. सहा भावांपैकी चार अगदी लहानपणीच दगावले. ती पाच वर्षांची असताना आई मुलांना घेऊन इंग्लंडात आली. घरात ओढगस्त असे, पण पोरगी शिष्यवृत्ती मिळवीत गेली. मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान, रसायन आणि वरच्या वर्गाचे गणित शिकवीत नसत. म्हणून ती त्या विषयांपुरती मुलांच्या शाळेत जाऊन बसे. त्या वर्गात ती एकटीच मुलगी. सोळाव्या वर्षी तिने लंडनच्या बेडफर्ड महिला महाविद्यालयात प्रवेश घेतला, आणि १९२२ साली बी. एस्सी.ला लंडन विद्यापीठात पहिली आली. परीक्षकांत स्वतः विल्यम ब्रॅग होते. त्यांनी तिला लगेच आपल्या संशोधक मंडळींत बोलावून घेतले. वर्षभरात हा सारा गट रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गेला. शंभर वर्षांपूर्वी फॅरडे ह्यांनी बेंझीन शोधले तीच ही वास्तू.

१९२७ साली तिचे लग्न झाले. पती टॉमस लॉन्सडेल हेही शास्त्रज्ञच. त्यांना लीड्स शहरी रेशमाच्या संशोधनाचे काम मिळाले होते. कॅथलीनबाईंच्या मनात आले की आता हे सारे पुरे, चांगली गृहिणी व्हावे. भगिनींनो, येथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. कारण हा विचार तिच्यावर कोणी लादला नव्हता. तो तिच्याच मनात आला होता. आपल्याही येतो. पण तिचे यजमान त्याला तयार होईनात. फुकटची घरकामाला बाई मिळावी म्हणून मी लग्न केलेले नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. मग दोघांनी नियम केला: अर्ध्या तासात होईल तेवढाच रात्रीचा स्वयंपाक करावयाचा. पुरणपोळीचा बेत अर्ध्या तासात होत नाही हे खरे. पण रोज पुरणपोळी लागतेच असे कोठे आहे?

लीड्सला रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते क्रिस्टोफर इंगोल्ड. त्यांनी बाईंना हेक्झामेथिलबेंझीन नावाच्या पदार्थाचे चांगले मोठे स्फटिक दिले. नाव लांबलचक आहे, अर्थ सोपा आहे. बेंझीनच्या रिंगणातील सहा हायड्रोजन काढून त्यांच्या जागी कार्बनचे सहा मेथिल गट बसवलेले. साधे बेंझीन साडेपाच अंश सेल्सियसच्या वर पातळ होते, त्यामुळे त्याचा स्फटिक हाताळणे जिकिरीचे. हा पदार्थ मात्र सुमारे १६५ अंशांपर्यंत घट्ट राहतो. लीड्सला साधने जेमतेमच होती. थोड्या अनुदानावर उपकरण आणावयाचे आणि एकेका दिशेने परावर्तित होणाऱ्या क्ष-किरणांचा जोर मोजीत बसावयाचे, असे ते काम. आजच्यासारखी गणकयंत्रे नव्हती; लॉगरिथमची कोष्टके आणि कागद-पेन्सिल ह्यांवर सारा हिशेब.

त्या स्फटिकाने एक उपकार केला आणि एक अडचण घातली. उपकार असा की एका बुट्टीत एकच रेणू होता. त्यामुळे दोन-चार रेणूंची गुंतागुंत सोडवावी लागली नाही. अडचण अशी की त्या बुट्टीच्या तिन्ही बाजू असमान आणि एकही कोन काटकोन नाही. स्फटिकांच्या सात जातींतील ही सर्वांत बेढब जात. परंतु बाईंच्या ध्यानात दोन गोष्टी आल्या. एका विशिष्ट पातळीवरून येणारे परावर्तन अतिशय जोरकस होते, आणि त्याच्या पुढच्या पायऱ्याही नियमाने उतरत गेलेल्या होत्या. रेणूतील बारा कार्बन वरखाली असते तर ते एकमेकांच्या लाटा मोडते आणि असा क्रम दिसता ना. ह्याचा अर्थ बाराही जण एकाच पातळीत, ताटातल्या लाडवांप्रमाणे, मांडलेले होते. दुसरे असे की त्या पातळीत तीन निरनिराळ्या दिशांनी घेतलेल्या नोंदी एकमेकींशी मिळत्याजुळत्या होत्या. बाहेरून स्फटिक कितीही बेढब दिसो, आत षट्कोनाची शिस्त होती.

निष्कर्ष निघाला तो असा. बेंझीनचे रिंगण खरोखरच आहे. ते षट्कोनी आहे. ते सपाट आहे. त्याच्या शेजारशेजारच्या दोन कार्बनमधील अंतर सुमारे १.४२ अँगस्ट्रम, म्हणजे ग्राफाइटमधील अंतराशी जुळणारे आहे. (एका सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रम.) बाईंच्या मोजमापाच्या मर्यादेत एक हात आणि दोन हात असा भेद बाजूंत आढळला नाही. रिंगणातले सहाही गडी एकमेकांना सारख्याच जोराने धरून होते. बेंझीन पेन्सिलीच्या घरचे ठरले. खुद्द ज्यांच्या हाताखाली विद्या शिकली त्या गुरूंचे अनुमान हिऱ्याकडे झुकणारे होते, तरी मोजमाप जे सांगते ते बाईंनी मांडले.

पहिली बातमी १९२८ साली 'नेचर' साप्ताहिकात आली, आणि पुरा लेख १९२९ साली रॉयल सोसायटीच्या पत्रिकेत. त्याच वर्षी बाईंची पहिली मुलगी जन्मली. हिशेब भयंकर असले पाहिजेत, पण आम्हा धंदेवाईक रसायनशास्त्रज्ञांच्या कित्येक पिढ्यांनी जी खात्री आणली नाही ती असा एक लेख आणतो, अशा आशयाचे पत्र इंगोल्ड ह्यांनी त्यांना लिहिले.

पुढे लॉन्सडेल कुटुंब लंडनला परतले. बाईंनी १९३१ साली हेक्झाक्लोरोबेंझीन ह्या दुसऱ्या सुगंधी संयुगाची रचना फूर्ये ह्यांच्या गणितरीतीने सोडवली. सेंद्रिय पदार्थासाठी ती रीत वापरण्याचा मान त्यांचाच. १९३१ साली दुसरी मुलगी आणि १९३४ साली मुलगा झाला. ह्या काळात बाई घरीच बसून हिशेब करीत. स्फटिकांच्या सूत्रांचे जे पुस्तक त्यांनी १९३६ साली काढले ते त्यांच्याच हस्ताक्षरात छापलेले आहे. आणि येथे ह्या इतिहासातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट घडली. वयोवृद्ध ब्रॅग ह्यांनी नुसते "परत या" असे म्हटले नाही. त्यांनी सर रॉबर्ट माँड ह्या गृहस्थांकडून २०० पौंड मिळवले; ते कशासाठी, तर बाईंनी घरात मदतनीस ठेवावी आणि प्रयोगशाळेत यावे म्हणून! उपकरणासाठी पैसे देणारे पुष्कळ असतात. मुलांना सांभाळणाऱ्या बाईचा पगार हाही संशोधनाचाच खर्च आहे, हे ओळखणारे थोडे.

परत आल्यावर त्यांना क्ष-किरणांचे उपकरण मोकळे मिळाले नाही. एक जुना मोठा विद्युतचुंबक मात्र पडून होता. रडत न बसता त्यांनी तो हाती घेतला आणि सुगंधी स्फटिकांवर लोहचुंबकाचा काय परिणाम होतो हे मोजले. त्यातून दिसून आले की बेंझीनमधील काही इलेक्ट्रॉन एका अणूपाशी बांधलेले नसून साऱ्या रिंगणाभोवती फिरतात. सहाही बाजू सारख्या का, ह्याचे मर्म ह्यातच आहे.

ह्या कामाचा धागा आपल्या देशाशी जुळलेला आहे. कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ह्या संस्थेत केदारेश्वर बॅनर्जी ह्यांनी १९३० साली नॅप्थलीन व अँथ्रासीन ह्यांच्या स्फटिकांची रचना काढली होती. त्याच परंपरेतील के. एस. कृष्णन् ह्यांनी स्फटिकांचे चुंबकीय गुण मोजण्याच्या सूक्ष्म रीती बसवल्या होत्या. १९३६ साली रॉयल सोसायटीच्या पत्रिकेत लॉन्सडेल आणि कृष्णन् ह्या दोघांच्या नावाने लेख प्रसिद्ध झाला. डांबराच्या गोळीला इतका थोर इतिहास असेल असे मला आजवर वाटले नव्हते.

स्त्रियांना विज्ञानाचे दार किती जड होते हेही ध्यानात घ्यावे. रॉयल सोसायटी १६६० सालची. १९०२ साली हर्था एअरटन ह्या विदुषीचे नाव सभासदत्वासाठी सुचवले गेले, तेव्हा विवाहित स्त्रीला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नाही ह्या कारणावरून ते नाकारण्यात आले. २८५ वर्षांनी, १९४५ साली, पहिल्या दोन स्त्रिया आत गेल्या: जीवरसायनशास्त्रज्ञ मार्जोरी स्टीफन्सन आणि आपल्या कॅथलीन लॉन्सडेल. आपल्याकडे कमला भागवत, ज्या पुढे कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेल्या, त्यांना १९३३ साली बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला होता. आग्रह धरून त्या आत गेल्या आणि १९३९ साली केंब्रिजच्या डॉक्टर होऊन आल्या. दार तिकडे जड होते तसेच इकडेही होते.

लॉन्सडेलबाईंच्या आयुष्यातील आणखी दोन प्रसंग सांगितल्याविना राहवत नाही. त्या क्वेकर पंथाच्या, युद्धाला कट्टर विरोध करणाऱ्या. दुसऱ्या महायुद्धात नागरी संरक्षणाच्या कामासाठी नाव नोंदवण्याचा हुकूम निघाला. लहान मुलांची आई म्हणून त्यांना त्यातून सूट मिळालीच असती; परंतु तत्त्वासाठी त्यांनी नावच नोंदवले नाही. दोन पौंड दंड झाला, तोही भरला नाही. आणि १९४३ साली हॉलोवेच्या तुरुंगात महिनाभर शिक्षा भोगली. आपल्याकडच्या किती आयाबाया त्याच सुमारास तुरुंगात होत्या हे आठवले की ही परदेशी बाई परकी वाटत नाही. सुटल्यावर त्यांनी तुरुंगातील स्त्रियांच्या स्थितीबद्दल पुष्कळ काम केले. दुसरा प्रसंग १९५६ सालचा. 'डेम' ही पदवी घेण्यास राजवाड्यात जावयाचे, तर टोपी हवी. बाईंनी थोडी लेस, पुठ्ठा आणि नऊ पेन्सांची फीत आणून घरीच टोपी शिवली! हा प्रसंग वाचताना मला आपल्या मंडळातील शिवणवर्गाची आठवण झाली.

१९४९ साली त्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाल्या, १९६६ साली जागतिक स्फटिकशास्त्र संघाच्या अध्यक्ष, आणि त्यानंतर ब्रिटिश असोसिएशनच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष. उल्कापाषाणांत सापडणाऱ्या षट्कोनी रचनेच्या हिऱ्याला 'लॉन्सडेलाइट' असे नाव देण्यात आले. आपल्या हीरक महोत्सवात त्यांची आठवण निघावी हे म्हणूनही उचितच आहे. १ एप्रिल १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

ते साल मी विसरू शकत नाही, कारण त्याच उन्हाळ्यात मी रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले. लॉन्सडेल हे नाव मला तेव्हा ठाऊकही नव्हते. बेंझीनचा षट्कोन शेकडो वेळा काढला, पण तो चपटा हे कुणी ठरवले असा प्रश्न मला पडला नाही आणि शिकवणाऱ्यांनीही घातला नाही. एम. एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. दिवाळीनंतर लग्न झाले. "शिकून कुठे जायचंय? घर नीट लावा," असे घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितले आणि मी घर नीट लावले. कोणी मला छळले नाही, कोणी डांबून ठेवले नाही. सारे मायेचे होते. म्हणूनच त्यांना दोष देता येत नाही, आणि म्हणूनच ती सल काढताही येत नाही. माझ्या वह्या अशाच एका ट्रंकेत गेल्या, अशाच गोळ्या टाकून. वीस वर्षांनी ट्रंक उघडली तेव्हा गोळ्या उडून गेल्या होत्या, वह्या मात्र शाबूत होत्या.

आणि खरे सांगावयाचे तर गेल्या पावसाळ्यात सूनबाईंच्या ट्रंकेपाशी उभी असताना माझ्याही तोंडात तेच वाक्य आले होते: "असू दे गं, बाळ महत्त्वाचं." ते मी गिळले ते केवळ त्या षट्कोनामुळे.

लॉन्सडेलबाईंनी उतारवयात लिहून ठेवले आहे की, मुलेबाळे असणाऱ्या स्त्रीला उत्तम शास्त्रज्ञ व्हावयाचे असेल तर तिने प्रथम योग्य नवरा निवडावा. त्याने तिच्या अडचणी ओळखून त्यांत वाटा उचलावा. मी त्यात माझ्या पदरची पुरवणी जोडते: आपल्याकडे नवऱ्याबरोबर सासूही योग्य लागते. बाईंच्या हुशारीबद्दल शंकाच नाही. पण ती हुशारी कामी आली ती अर्ध्या तासाच्या स्वयंपाकामुळे, समजूतदार यजमानांमुळे आणि मदतनीसाच्या पगाराच्या २०० पौंडांमुळे. अशा किती जणींच्या वह्या माळ्यावर असतील, ज्यांच्या घरी ह्या तीन गोष्टींपैकी एकही नव्हती!

ट्रंक माळ्यावर गेली नाही. दिवाळीपासून बाळ सकाळी दहा ते पाच माझ्यापाशी असते. माझा मुलगा संध्याकाळचा वरणभाताचा कुकर लावतो. पहिल्या दिवशी तो कुकर करपला, त्याची चर्चा मंडळात झालीच आहे.

शेवटी एक सूचना, कार्यकारिणीपुढे विचारार्थ. आपले मंडळ दर वर्षी हुशार मुलींना वह्या, पुस्तके आणि फी ह्यांसाठी मदत देते, आणि हे काम चांगलेच आहे. पण हिशेबाच्या वहीवरून मी सांगू शकते की आपली मदत घेतलेल्या पुष्कळ मुलींचे शिक्षण फीवाचून थांबलेले नाही. ते थांबले लग्नानंतर, पहिल्या मुलाच्या वेळी. हीरक महोत्सवाच्या निधीतून एक लहानशी रक्कम निराळी काढावी, आणि शिकणाऱ्या विवाहित स्त्रीला पाळणाघराच्या किंवा मदतनीसाच्या खर्चापोटी द्यावी. पहिली वर्गणी माझी. ती पावती क्रमांकासह वहीत चढवली आहे. ह्याला कोणी चैन म्हणेल. म्हणू द्यावे. रिंगणात एकीने हात सोडला की फेर मोडतो, हे मंगळागौर खेळलेल्या आपणा सर्व जणींना कोणी शिकवावयास नको.